मेडिकलवर हेल्पर आहे, 'फार्मसी टेक्निशियन'चा ६ महिन्यांचा कोर्स करावा का?

बार्शीचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी बार्शीजवळच्या गावातला, तालुक्याला एका मेडिकलवर दीड वर्ष झालं हेल्पर म्हणून काम करतोय. बारावी सायन्स झालीय पीसीबी घेऊन, पुढं घरच्या अडचणीमुळं शिकता आलं नाही. काम म्हणजे सकाळी झाडलोट, स्टॉकिस्टचा माल आला की बिलाशी जुळवून रॅकला लावायचा, बॅच न एक्स्पायरी कॉम्प्युटरला टाकायची, शॉर्ट बुक म्हणजे संपत आलेल्या मालाची वही लिहायची. मालक स्वतः डी.फार्म (फार्मसीचा दोन वर्षांचा डिप्लोमा) आहेत, माणूस चांगलाय, पण दुपारी ते जेवायला गेले की काउंटर माझ्याकडंच. चिठ्ठ्या आता बऱ्यापैकी वाचता येतात, मालक म्हणतात तुझा हात बसलाय.

तर सोलापुरात एक क्लास आहे, ते 'फार्मसी टेक्निशियन'चं ६ महिन्यांचं सर्टिफिकेट देतात, फी २८ हजार. म्हणतात हे केलं की औषध स्वतःच्या हातानं देता येतं आणि बाहेरच्या देशात पण चालतं. आत्याचा मुलगा म्हणतोय भरून टाक.

पण खरं सांगायचं तर विचारायचं कारण वेगळं आहे. मागच्या आठवड्यात दुपारी एक बाई आली, कडेवर आठ-नऊ महिन्याचं बाळ, ताप होता. चिठ्ठीवर पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स होते ते मी बरोबर काढून दिले, तिनं विचारलं किती चमचे द्यायचं, माझ्या तोंडातून निघणारच होतं की एक चमचा दिवसातून तीनदा, तेवढ्यात मालक आले आणि ओरडलेच. तेव्हा कळलं की बाटली बरोबर काढता येते म्हणजे औषध देता येतं असं नाही. त्या रात्री झोप लागली नाही. तर नक्की काय काय शिकायला पाहिजे आणि कुठं, कोणी सांगेल का?

---

नियमात_बसतं_का

२८ हजार भरू नकोस. आपल्याकडं कायद्यात 'फार्मसी टेक्निशियन' असं पदच नाही. फार्मसी अॅक्ट १९४८ चं कलम ४२ वाच, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध बनवून किंवा काढून देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचंच काम आहे, डॉक्टर स्वतःच्या पेशंटला देतो तेवढा अपवाद. १९४५ च्या ड्रग्ज रूल्समधला नियम ६५ म्हणतो त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली. म्हणजे मालक शेजारी उभे असताना तू स्ट्रिप काढून हातात दिलीस ते एकवेळ ठीक, मालक घरी जेवतायत आणि तू देतोयस हे नाही. सर्टिफिकेट सहा महिन्यांचं असो की सहा वर्षांचं, त्यानं यात काही बदलत नाही.

---

खरं_बोललं_तर_राग_येतो

कलमं वाचून दाखवणारे बरेच भेटतील भावा. निम्म्या दुकानात फार्मासिस्ट म्हणजे भिंतीवरची सर्टिफिकेटची फ्रेम असते, महिन्याला भाडं घेतो आणि स्वतः दुसरीकडं नोकरी करतो. काउंटर तुझ्यासारखी पोरंच चालवतात. तू दीड वर्षात जे शिकलास ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. कोर्स करू नको आणि कॉलेज पण करू नको, अजून दोन वर्ष काढ, सगळं येतं.

---

मेडिकलवाले_काका

वरचे साहेब, फ्रेमवाली दुकानं आहेत हे मान्य, मी नाही म्हणत नाही, माझ्याच गल्लीत एक होतं. पण 'दोन वर्षात सगळं येतं' हे ज्यांना वाटतं त्यांनीच जास्त घोटाळे केलेले मी पाहिलेत, कारण पहिल्या वर्षी पोरगा घाबरून विचारतो आणि तिसऱ्या वर्षी विचारायचं बंद करतो.

बाळा, ३१ वर्षं झाली मला या धंद्यात. तुझ्या ड्रॉप्सचंच घेऊ. ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५. म्हणजे चमचाभर ड्रॉप्स म्हणजे ५०० मिलिग्रॅम, सिरपच्या चमच्याच्या चौपट. मोठ्या माणसाची अख्खी गोळी झाली ती, आणि तू ती एवढ्याशा बाळाला दिवसातून तीनदा सांगणार होतास. मुलांचा डोस वजनावर असतो, किलोमागं १५ मिलिग्रॅम धरला तर १० किलोच्या बाळाला १५०, म्हणजे ड्रॉप्सचे दीड मिली. बाटलीवर हे सगळं छापलेलं असतं, फक्त 'किती मिलीत किती' ही ओळ वाचायची सवय कुणी लावत नाही. तू ती आजपासून लाव. कुठलीही पातळ औषधाची बाटली हातात आली की आधी ती ओळ, मग नाव, मग एक्स्पायरी. आणि ड्रॉपरवरची खूण आईला बोटानं दाखवायची, तोंडी सांगायची नाही.

दुसरं, बाटल्यांचा हिशोब. ५ मिली तीनदा पाच दिवस म्हणजे ७५ मिली, बाटली ६० ची. एकच दिलीस तर चौथ्या दिवशी संपते आणि लोक परत येत नाहीत, 'बरं वाटतंय की' म्हणून थांबतात. अँटिबायोटिकला हे फार वाईट. आणि पावडरवाल्या बाटल्या, ड्राय सिरप. उकळून गार केलेलं पाणी, बाटलीवरच्या खुणेपर्यंत, आधी थोडं घालून हलवायचं मग परत खुणेपर्यंत, बाटलीवर लिहिलेल्या मुदतीत संपवायची. सोपं वाटतं ना? माझ्याकडं एक आजोबा आले होते, त्यांनी नातवाला तीन दिवस पावडर तशीच कोरडी चमच्यानं भरवली होती आणि तक्रार काय तर पोरगं थुंकतंय.

असंच दम्याच्या रोटाकॅपचं. कॅप्सूल दिसते म्हणून माणूस पाण्याबरोबर गिळतो आणि महिनाभर म्हणतो फरक नाही. मशीनमध्ये घालून ओढायची असते हे दाखवायला दोन मिनिटं लागतात. मी रिकामं मशीन काउंटरखालीच ठेवलंय, पेशंटला म्हणतो तुम्ही कसं घेता ते मला करून दाखवा. 'समजलं का' विचारलं की सगळे हो म्हणतात, त्या होला अर्थ नाही.

स्ट्रिप कापताना बॅच आणि एक्स्पायरीची बाजू आपल्याकडं राहू दे, शेवटपर्यंत. घाईत उलटं कापलं की राहिलेल्या चार गोळ्या कधीच्या ते ब्रह्मदेवाला पण सांगता येत नाही. चिठ्ठीवरची कंपनी नाही म्हणून 'सेमच आहे' म्हणत दुसरी पुढं करायची नाही, नियम ६५ मध्येच ते बसत नाही, डॉक्टरला फोन लावायचा. शेड्युल एच१ ची औषधं (कडक अँटिबायोटिक, टीबीची, काही झोपेची, असली) वेगळी ओळखायला शीक, २०१४ च्या मार्चपासून त्याचं वेगळं रजिस्टर आहे, डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, तीन वर्षं जपून ठेवायचं. आमच्याकडं ते रात्री दुकान बंद करताना आठवून लिहायची पद्धत असते, ती मोड.

आणि एक गोष्ट जी पुस्तकात शिकवून येत नाही, नाही म्हणणं. रात्री साडेनवाला ओळखीचा माणूस येतो, झोपेची गोळी दे म्हणतो, चिठ्ठी घरी राहिली म्हणतो. तुझ्या वडिलांना ओळखतो म्हणतो. तिथं पोरगा विरघळतो. 'मालकांना विचारावं लागेल' हे वाक्य पाठ कर, त्यात तुझा पण मान राहतो आणि त्याचा पण.

कोर्सबद्दल, कलम सांगणाऱ्यांचं बरोबर, २८ हजार घालू नको, डी.फार्मच कर. पीसीबी चालतं.

---

बार्शीचा_पोरगा

काका खूप खूप धन्यवाद, सगळं वहीत उतरवून घेतलं. दोन अडचणी आहेत. एक म्हणजे डी.फार्म दोन वर्षं फुल टाइम, पगार बंद झाला तर घरी अवघडंय, ते डिस्टन्सनं किंवा रविवारी होतं का? क्लासवाला म्हणतोय त्यांच्याकडं 'नॉन-अटेंडिंग' म्हणजे हजर न राहता करायची पण सोय आहे. दुसरं इंग्रजी कच्चं आहे, बारावी कशीतरी काढली. चिठ्ठीवरचं नाव मी वाचत नाही, ओळखतो, म्हणजे पहिली दोन अक्षरं आणि लांबी बघून. चुकतंय का हे?

---

वॉर्ड_टू_फार्मसी

चुकतंय, आणि फार मोठं चुकतंय, बरं झालं स्वतःहून सांगितलंस.

मी पुण्यात एका हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे, नाव नको. आमच्याकडं एक काका अॅडमिट झाले होते, तोंडभर फोड, पाणी गिळता येईना, रक्तातल्या पेशी पार खाली. संधिवाताचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं होतं ते रोज घेत होते. त्याच्या जोडीला फॉलिक अॅसिड असतं, दोन्ही छोट्या पिवळट गोळ्या, ब्रँडची नावं पण 'फॉलि', 'फोल' नीच सुरू होणारी. कुणीतरी पाकिटावर नेहमीच्या सवयीनं रोज एक अशी खूण केली होती. तुझी 'पहिली दोन अक्षरं आणि लांबी' म्हणजे हेच. तेव्हापासून मी मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर वाराचं नाव मराठीत मोठ्या अक्षरात लिहिते, 'फक्त रविवारी', आणि पेशंटकडून तीनदा वदवून घेते, लोक हसतात, हसू देत.

मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) आणि मेट्रोनिडाझोल (जंतूंमुळं होणाऱ्या जुलाबावरची), प्रेडनिसोलोन आणि प्रोप्रॅनोलोल, हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रालाझिन, असल्या जोड्या लिहून काढ. तुमच्या रॅकला ब्रँड अल्फाबेटिकल लावलेले असणार, म्हणजे सारखी दिसणारी नेमकी शेजारी शेजारी. मालकांना विचारून मध्ये काहीतरी घाल किंवा रंगीत स्टिकर लाव. आणि नाव ओळखलं की दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा, हे औषध या माणसाला कशासाठी? शुगरवाल्या आजींच्या चिठ्ठीत अचानक जुलाबाची गोळी दिवसातून दोनदा महिनाभर दिसली तर तुझं वाचन चुकलंय किंवा लिहिणाऱ्याचं, दोन्हीत फोन करायचाच. इंग्रजी कच्चं असलं तरी चालतं, औषधांची नावं ही इंग्रजी नाहीतच म्हण ना, ती सगळ्यांनाच नव्यानं पाठ करावी लागतात. ब्रँड नको पाठ करू, खाली बारीक अक्षरात औषधाचं जे मूळ नाव लिहिलंय ते कर.

इन्सुलिन विकतोस का? मग हे पण. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या १ मिलीत ४० युनिटच्या, त्याला लाल टोपीची ४० ची सिरिंज. पेनची कार्ट्रिज १०० ची. कोणी ४० च्या बाटलीला नारिंगी टोपीची १०० ची सिरिंज दिली आणि पेशंटनं २० च्या खुणेपर्यंत भरलं तर जातात फक्त ८ युनिट. आणि १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजनं ओढलं तर २० च्या जागी ५०. तो माणूस रात्री झोपेत गार पडेल. सिरिंज ही 'कोणती पण चालते' अशी वस्तू नाही.

फ्रीज २ ते ८ डिग्री, दारात इन्सुलिन ठेवायचं नाही, मागच्या भिंतीला चिकटवून पण नाही कारण तिथं गोठतं, आणि एकदा गोठलेलं परत वितळलं तरी टाकूनच द्यायचं. आत थर्मामीटर, सकाळ-संध्याकाळ वहीत नोंद. मालकांचा डबा आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या त्यात ठेवू नका एवढं हळूच सांग, दर वेळी दार उघडतं ना.

हॉस्पिटलचं काम वेगळं असतं, वॉर्डचे इंडेंट (मागणीच्या याद्या), रिटर्न, क्रॅश कार्टची (तातडीच्या औषधांच्या गाडीची) एक्स्पायरी, आणि पोटॅशियम क्लोराइडची अॅम्प्यूल जी डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी चुकूनसुद्धा ठेवायची नाही. ते आत्ता लिहीत नाही, तुझ्या कामाचं नाही, डी.फार्मच्या ट्रेनिंगला कळेलच. ते ट्रेनिंग ५०० तासांचं असतं, कमीत कमी ३ महिने, त्यातले निम्मे तास चिठ्ठीवरून औषध देण्याच्या कामात. लोक सही-शिक्का आणून तेवढं उरकतात. तू तसं करू नको, तुझ्यासाठी तोच भाग सोपा जाणार आहे आणि तोच खरा आहे.

आणि 'नॉन-अटेंडिंग' शब्द ऐकला की तिथून उठायचं. डिस्टन्सनं डी.फार्म होत नाही. कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का ते त्यांच्या साइटवर स्वतः बघायचं, कॉलेजच्या बोर्डावर नाही. आता २०२२ च्या नियमांनी एक्झिट एक्झाम पण आली, तीन पेपर, ती पास झाल्याशिवाय नव्या मुलांचं रजिस्ट्रेशन नाही, म्हणजे न शिकता पास झालेला तिथं अडकतो.

---

लेस्टरची_सून

'बाहेरच्या देशात चालतं' वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी इंग्लंडमध्ये डिस्पेन्सर (फार्मासिस्टच्या हाताखाली औषध काढणारी) म्हणून सुरुवात केली, नंतर इथंच टेक्निशियनचं शिक्षण घेतलं. इथं २०११ पासून जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलकडं नोंदणी असल्याशिवाय स्वतःला फार्मसी टेक्निशियन म्हणवता पण येत नाही. दोन वर्षं काम करत करत शिकावं लागतं आणि कोर्स त्यांनी मान्य केलेलाच लागतो. सोलापूरच्या कागदाला इथं कोणी विचारणार नाही रे दादा, उगाच त्या आशेवर पैसे घालू नको.

पण इथली एक पद्धत सांगते, फुकट आहे. प्रत्येक औषधाच्या लेबलवर दोन छोटे चौकोन असतात, एक औषध काढणाऱ्याच्या सहीचा, एक तपासणाऱ्याचा. होता होईल तेवढं दोन्ही सह्या एका माणसाच्या नको असं बघतात. आणि एक वही असते, त्यात झालेल्या चुका नाही तर होता होता राहिलेल्या चुका लिहायच्या. तुझा तो ड्रॉप्सचा किस्सा त्या वहीत गेला असता. त्यात कोणाला बोलणी बसत नाहीत (म्हणजे बसू नयेत असं आहे, मॅनेजरवर अवलंबून), महिन्याला सगळे बसून वाचतात आणि कळतं की आपल्या बहुतेक चुका दुपारी जेवणाच्या वेळी होतात, एकच माणूस असतो तेव्हा.

---

खरं_बोललं_तर_राग_येतो

इंग्लंडचं इंग्लंडला. इथं सकाळी ११ ला काउंटरवर वीस माणसं उभी असतात, त्यातली पाच मागून हात घालून 'ए डोकं दुखायची दे' म्हणतात, दोन सह्या कोण करणार?

---

मेडिकलवाले_काका

साहेब, गर्दीचं खरं आहे. पण सगळ्याला नकोच आहे. मी काल रात्री बसून विचार केला, माझ्याकडं पाच गोष्टींना दोन माणसांनी बघायचं ठरवलंय, लहान मुलाचं कुठलंही औषध, इन्सुलिन, रक्त पातळ करायच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या आणि ते मेथोट्रेक्सेट. बिलावरच पेननं दोन बारक्या सह्या. दिवसाला वीस-पंचवीस होतील. सूनबाई, तुमच्यामुळं झालं हे, नाहीतर ३१ वर्षात सुचलं नव्हतं.

बार्शीकर, पैशाचं असं आहे की सरकारी किंवा अनुदानित कॉलेजला फी कमी पडते, आणि प्रवेश बारावीच्या मार्कांवर असतो, सीईटी बी.फार्मला लागते डी.फार्मला नाही. सरकारी फेरीतून प्रवेश घेतलास तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती महाडीबीटीवर (सरकारच्या शिष्यवृत्तीच्या साइटवर) भरता येते, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, ऐन वेळी तहसीलला रांगा असतात. मालकांशी बोल, संध्याकाळी ६ ते १० ठेवतील तुला, असा पोरगा कोण सोडतं. पुढं वाटलं तर डी.फार्मवरून बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आणि पास झाल्यावर महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलकडं नोंदणी, ती झाली की मग भिंतीवर तुझी फ्रेम. फक्त फ्रेमखाली तू स्वतः उभा राहा.

---

बार्शीचा_पोरगा

उशिरा लिहितोय, दुकानात मोबाइल काढता येत नाही. मालकांना सगळं दाखवलं. क्लासचं ऐकून म्हणाले मला आधी का नाही विचारलंस. संध्याकाळचं काम ठेवतो म्हणालेत, पगार अर्धा. घरी अजून बोललो नाही, आईला पटेल, वडिलांचं बघू.

दुपारी ते आता घरी जात नाहीत, डबा मागवतात आणि आतल्या खोलीत जेवतात, मला हाक मारता येते. फ्रीजमधून कोल्ड्रिंक काढली, त्यांचं ताक मात्र अजून तिथंच आहे.

रॅक बघितला काल, मेट वाल्या सहा वेगवेगळ्या स्ट्रिपा एकाच खणात होत्या, त्यातली एक तर बीपीची निघाली. वेगळ्या केल्या. आणि ती बाई परत आली होती बाळाला घेऊन, ताप उतरलाय, आता सर्दीचं औषध लिहून आणलं होतं. मी 'किती मिलीत किती' वाचलं, खूण दाखवली, म्हटलं तुम्ही भरून दाखवा. तिनं एकदम बरोबर भरलं.

ताई एक विचारायचं राहिलं, फ्रीजचा तो थर्मामीटर साधा काचेचा चालतो का डिजिटलच लागतो? मालक म्हणतायत स्वस्तातला बघ.

---

वॉर्ड_टू_फार्मसी

डिजिटल घे, ज्याची वायर आत आणि आकडे बाहेर असतात तो, म्हणजे बघायला दार उघडावं लागत नाही. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी किती गेलं होतं ते दाखवणारा बघ. रात्री लाइट गेली होती का ते सकाळी त्यातच कळतं.